दहा हजार पावलं आणि सासऱ्यांना न विचारलेला प्रश्न

*सिस्टर,*

*आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घरात मी (५५), माझे यजमान (६०, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त) आणि सासरे (८३, मराठी शाळेत मास्तर होते). सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटचे सतरा दिवस आयसीयूत होत्या, त्यातले चौदा व्हेंटिलेटरवर. गळ्याला भोक पाडायच्या कागदावर सही ह्यांनी केली. त्यावर ते आजवर एक अक्षर बोललेले नाहीत, पण महिन्याभरात घरात व्यायामाची पुस्तकं यायला लागली. आतापर्यंत सात झाली. मनगटावर घड्याळ आलं. दहा हजार पावलं भरली नाहीत तर रात्री साडेदहाला सोप्यावर फेऱ्या मारतात.*

*मी वाचनालयातून मरणाविषयीची दोन पुस्तकं आणली. सासूबाईंचं इस्पितळात नेमकं काय झालं ते मला समजून घ्यायचं होतं. ती बघून हे भडकले. ‘घरात म्हातारं माणूस आहे, असली पुस्तकं उंबऱ्याच्या आत नकोत.’ आता मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवून दुपारची वाचते. सासऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्के आहे, यंदा दोनदा भरती करावं लागलं. त्यांचंही तसंच होणार का, ही भीती जात नाही. आमच्यात बरोबर कोण? कुठली पुस्तकं वाचावीत? आणि सासऱ्यांना वाचायला देऊ का?*

*— एक वाचक, फोंडा*

प्रिय ताई,

तांदळाच्या डब्यामागे पुस्तक! आमच्या लहानपणी त्या जागी कादंबऱ्या असायच्या. पंचावन्नाव्या वर्षी तुम्हाला ती जागा शोधावी लागली म्हणजे घरात बरंच काही तुंबलेलं आहे. तेव्हा बरोबर कोण हा निवाडा मी करणार नाही. तुम्ही दोघंही त्या सतरा दिवसांतून अजून बाहेर आलेला नाहीत. तुम्ही ते दिवस पुस्तकात शोधताय, ते सोप्यावर चालून मागे टाकताहेत. त्यांच्या रात्री साडेदहाच्या फेऱ्यांना मी सुतकच म्हणेन, लांबलेलं.

मी एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ आयसीयूत. बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाला दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं आत सोडतात. आत आल्यावर त्याला आईच्या तोंडातली नळी दिसते. गॉजच्या पट्टीने कठड्याला बांधलेले हात दिसतात. नळी ओढून काढू नये म्हणून ते आम्हीच बांधलेले असतात, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तेवढ्यात कागद पुढे येतो, ‘इथे सही करा.’ तो विचारतो, ‘नाही केली तर?’ आणि त्याला असं काही उत्तर मिळतं की सही न करणं म्हणजे आपण आईचा गळा दाबणं, असं त्याचं त्यालाच वाटावं. अशा किती सह्या माझ्या समोर झाल्या त्याची मोजदाद नाही. पेन बऱ्याचदा माझंच असायचं. तुमच्या यजमानांच्या जागी मीही सही केली असती. हे त्यांना माझ्या नावाने सांगा, किंवा हा मजकूर त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवा.

आता त्यांच्या घड्याळाकडे वळते. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टराने काढलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. गोल आकडा, जिभेवर बसणारा. संशोधन मागाहून आलं. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा असं दिसलं की साठीच्या पुढच्या माणसांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग तो जवळजवळ सपाट होतो. तेव्हा साठीच्या माणसाने साडेसात हजारांवर झोपायला जावं, घड्याळ रागावलं तर रागावू दे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पावलांचा आकडाच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल हवी, असं त्या सांगतात. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण अभंग म्हणता येत नाही. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींसाठी. ताकद आणि तोल हे दोन शब्द आपल्याकडे चालणाऱ्यांच्या कानावरून नुसते जातात. सकाळी तळ्याकाठी तासभर चालून आलेला माणूस जमिनीवर जेवायला बसला की उठताना जावयाचा हात शोधतो, हे मी किती लग्नांत पाहिलंय.

यजमानांच्या सात पुस्तकांची नावं तुम्ही कळवलेली नाहीत, पण अशी पुस्तकं पारखायची माझी एक साधी रीत आहे. मुखपृष्ठावर पोटाचे सहा तुकडे दाखवणारा पोरगा असेल तर ते पुतण्याला द्यावं. आत ‘खुर्चीतून उठणं’, ‘जमिनीवरून उठणं’, ‘एका पायावर उभं राहणं’, ‘पिशवी उचलून जिना चढणं’ असलं काही सापडलं तर ते पुस्तक ठेवावं. घरातली रोजची कामं ज्या पुस्तकाला दिसतात ते आपल्या वयाचं. त्यात एक कसोटी असली तर उत्तमच. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचे चौदापेक्षा कमी भरले तर ते सरासरीच्या खाली धरतात. रोज दहा हजार चालणाऱ्या यजमानांना हे करायला लावा. मला उत्सुकता आहे.

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध दाखवणारा जुना अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात व्यायामशाळा कुठेच नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टराने लंडनच्या दुमजली बसमधल्या माणसांची नोंद छापली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. आपल्या कदंबच्या बसला वरचा मजला नाही, पण फोंडा-पणजी गाडीत उभ्या गर्दीतून तिकिटं फाडत जाणाऱ्याचा व्यायाम कमी समजू नका.

ताकदीवर एवढं का बोलतेय? ती सगळ्यात जास्त कुठे लागते हे या पुस्तकांत सहसा लिहिलेलं नसतं. ती इस्पितळात लागते. २००७ मध्ये एक छोटासा अभ्यास आला होता. साठी ओलांडलेल्या मोजक्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. आजार काही नाही, ताप नाही, सलाईन नाही. दहा दिवसांत पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. मग ऐंशी ओलांडलेला, धाप लागलेला माणूस आठ दिवस भरती राहिला तर काय होत असेल? छातीतलं पाणी उतरतं, डॉक्टर डिस्चार्ज लिहितात, आणि घरी आल्यावर माणूस संडासच्या भांड्यावरून उठू शकत नाही. घरचे म्हणतात, ‘इस्पितळातून आल्यापासून खचले.’ खचले म्हणजे मांड्या गेल्या. पुढच्या वेळी भरती करायचं की नाही, हा प्रश्न पुष्कळदा या मांड्यांपासून सुरू होतो. यजमानांची पुस्तकं आणि तुमची पुस्तकं या ठिकाणी एकमेकांना भेटतात.

म्हणून यजमानांच्या आकड्यांच्या वेडाला मी नावं ठेवणार नाही, त्याला काम देईन. सासऱ्यांसारख्या हृदय थकलेल्या माणसाच्या घरात मनगटावरच्या घड्याळापेक्षा वजनकाटा जास्त उपयोगी. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते अंग धरणं नव्हे, पाणी साठणं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पायाची सूज दिसायची आणि धाप लागायची वाट बघायची नाही. वेळेत गोळी वाढवली तर कधीकधी भरती टळते. बँकेत चाळीस वर्षं लेजर बघितलेल्या माणसाला हे काम कोण शिकवणार! वहीत तारीख, वजन, सही. मला वाटतं, आईसाठी काही करता आलं नाही हे जे त्यांच्या पायात सलतंय, ते या वहीने थोडं हलकं होईल.

दुसरं काम खुर्चीचं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर हात असलेल्या खुर्चीतून, हातांचा आधार घेऊन, चहाच्या आधी पाच वेळा उठबस. धाप लागली, छातीत जड वाटलं, गरगरलं की तिथेच थांबायचं. तीस सेकंदांची कसोटी त्यांना लावायची नाही. मोजायला मास्तरांनाच सांगा. जन्मभर पोरांकडून उठाबशा काढून घेतल्या असतील, आता स्वतःच्या मोजू देत. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कारही शाळेच्या अंगणात घालून घेतलेले असायचे. हा विषय काढलात तर त्यांची कळी खुलेल.

आता तुमच्या पुस्तकांकडे येते. आपल्याकडे मरणाचं वाचन माणूस गेल्यावर सुरू होतं. भटजी येतात, गरुडपुराण लावतात, तेराव्याला ते संपतं. माणूस जाण्याच्या आधीच्या महिन्यांसाठी घरात एकही पान नसतं. ती पानं तुम्ही शोधलीत यात अशुभ काही नाही.

बहुतेक लोक सुरुवात एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या पाच टप्प्यांपासून करतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. हे टप्पे मांडणारं त्यांचं पुस्तक १९६९ चं. त्यात शिकागोच्या इस्पितळातल्या मरणासन्न रुग्णांशी त्यांनी केलेली बोलणी आहेत, आणि ती बोलणी अजून वाचण्यासारखी आहेत. पण लोकांनी त्या टप्प्यांची कोकण रेल्वे करून टाकली: थिवी झालं, आता करमळी, मग मडगाव. माणसं अशी जात नाहीत. मी सकाळी स्वीकार आणि दुपारच्या जेवणाला राग पाहिलेला आहे, आणि रात्री तोच माणूस पुढच्या वर्षीच्या चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांचं छत, कशी बांधायची ते सांगत होता. तेव्हा यजमान कुठल्या टप्प्यात आहेत ते तुमच्या पुस्तकात शोधू नका.

अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) मात्र वाचाच. लेखक अमेरिकेतले सर्जन, पण वडील विदर्भातल्या खेड्यातून गेलेले. आजोबा जवळपास एकशे दहा वर्षं जगले, तेही मुला-नातवंडांच्या गोतावळ्यात, हे त्यात येतं. गावंडे ते दिवस गोड करून सांगत नाहीत, हे मला आवडलं. पुस्तकात एक प्रसंग आहे. सुझन ब्लॉक नावाच्या डॉक्टर, ज्यांचं कामच मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलणं, त्यांच्या वडिलांचं मानेतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या लक्षात आलं की वडिलांना नक्की काय हवंय हे आपण विचारलेलंच नाही. त्या परत फिरल्या. वडील म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मी जगायला तयार आहे, त्यासाठी पुष्कळ सोसेन. वडील प्राध्यापक होते, मुलीला हे उत्तर मुळीच अपेक्षित नव्हतं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, पुन्हा उघडायचं का हे काही मिनिटांत ठरवायचं होतं. तिने सर्जनना एवढंच विचारलं की यातून ते आइस्क्रीम खाऊ शकतील का, फुटबॉल बघू शकतील का. हो म्हणाले. मग करा, म्हणाली. पुढे ते दहा वर्षं जगले.

तुमच्या सासऱ्यांचं आइस्क्रीम काय आहे, ताई? दारासमोरच्या बाल्कांवावर बसून पेपर वाचणं? सकाळची पेज आणि तोराचं लोणचं? की नातवाचा फोन उचलता येणं? हे तुम्हाला माहीत असेल असं तुम्हाला वाटतं, यजमानांनाही वाटतं. लिहून ठेवा आणि मग विचारा. चुकाल, असा माझा अंदाज आहे.

पॉल कलानिथी या तरुण न्यूरोसर्जनचं पुस्तकही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. सुंदर आहे, पण ते सदतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं आहे, ते दुःख वेगळं. यंदा राहू द्या.

आणि दोघांनी मिळून वाचावं असं एक मराठीतलं. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. त्यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठलं. त्यानंतर खाणं, चालणं, श्वास, राग, माणसं आणि मरणाची भीती असं सगळं त्यांनी स्वतःवर तपासून लिहिलं. हे एकच पुस्तक तुमच्या दोघांच्या कपाटांत बसतं. आणताना मुकाट्याने यजमानांच्या सात पुस्तकांच्या गठ्ठ्यावर आठवं म्हणून ठेवा. नावात हृदयरोग आहे, मरण नाही, तेव्हा उंबरा ओलांडायला हरकत येणार नाही. फोंड्यात मिळालं नाही तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बघा.

सासऱ्यांना पुस्तक द्यायचं का, म्हणता. हातात नको. सुनेने मरणाचं पुस्तक पुढे केलं तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. बोलणं मात्र कराच. माझा अनुभव असा की म्हातारी माणसं या विषयाला मुलांइतकी घाबरत नाहीत. बऱ्याच जणींच्या पेटीत शेवटचं लुगडं घडी घालून ठेवलेलं असतं, आणि कुणाला आधी कळवायचं ते तोंडपाठ असतं. ‘त्यांना धक्का बसेल’ म्हणून मुलं गप्प राहतात आणि ‘पोरांना त्रास नको’ म्हणून ते गप्प राहतात.

यजमानांच्या पाठीमागे हे करू नका. आधी आठवडाभर संध्याकाळी त्यांच्याबरोबर चाला, त्यांची पावलंही भरतील. आपले पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, पण रस्त्याकडे बघत चालताना बोलून जातात. सासूबाईंचा विषय तुम्ही काढू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ते काढतील. नाहीच काढला तर एवढंच म्हणा: ‘आईंच्या वेळी तुम्हाला एकट्याला ठरवावं लागलं. बाबांच्या वेळी तसं नको. आत्ताच त्यांनाच विचारू या.’

मग एखाद्या दुपारी, सासऱ्यांची धाप बरी असताना, दोघं मिळून बसा. प्रश्न तीनच. ‘बाबा, डॉक्टरांनी तुमच्या आजाराबद्दल काय सांगितलं, तुम्हाला काय वाटतं?’ ‘परत इस्पितळात जायची वेळ आली तर तुम्हाला सगळ्यात नकोसं काय वाटेल?’ ‘काय करता येत असलं तर जगण्यात मजा आहे म्हणाल?’ आणि नंतर गप्प बसायचं. चुलीवर दूध ठेवलंय म्हणून उठायचं नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत, तारीख घालून. ‘पुरे झालं, उठा’ म्हणाले तर उठा. महिन्याने पुन्हा विचारता येईल.

श्वासाची नळी आणि हृदय थांबल्यावर छाती दाबणं यांबद्दलही बोलावं लागेल, ते डॉक्टरांसमोर बोला. सिनेमात छाती दाबली की माणूस डोळे उघडतो. ऐंशी ओलांडलेल्या, आधीच थकलेल्या हृदयाच्या माणसाच्या बरगड्या मोडतात, आणि त्यातून घरी परतणारे फार थोडे. हे माहीत असूनही कोणी ‘करा’ म्हणेल, तो त्यांचा हक्क. मला फक्त एवढंच म्हणायचंय की विचारलेलं असावं.

‘नळी नको’ याचा अर्थ ‘उपचार नको’ होत नाही. यावरून घरोघरी भांडणं होतात. आजार बरा होणार नसला तरी धाप, दुखणं, मळमळ, झोप न येणं, भीती या सगळ्यांवर औषधं असतात. मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेने धापही कमी होते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही काळजी मिळाली ते इतरांपेक्षा अडीच महिन्यांहून अधिक जगले, तेही शेवटी कमी केमो घेऊन. तेव्हा ‘हात टेकले’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला हे सांगा. (आपल्याकडे ‘हॉस्पिस’ म्हटलं की लोकांना मडगावचं होस्पिसियो इस्पितळ आठवतं, ते वेगळं. लोटलीला शांती अवेदना सदन आहे ते खरं हॉस्पिस, पण ते कर्करोगाच्या रुग्णांसाठी. सासऱ्यांची सोय तुम्हाला घरी, डॉक्टरांच्या मदतीने करावी लागेल.)

कायद्याचं थोडक्यात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की शुद्धीत असलेला सज्ञान माणूस, पुढे आपल्याला बोलता आलं नाही तर कुठले उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवू शकतो. अटी इतक्या किचकट होत्या की कोणी फिरकलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला त्या सोप्या झाल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्या वतीने बोलायला विश्वासातल्या माणसांची नावं त्यात घालायची, एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना, एक पंचायत किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर केव्हाही बदलता येतं. ही व्यवस्था प्रत्यक्षात आणणारं पहिलं राज्य गोवा. २०२४ च्या मे अखेरीस उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं, राज्यातलं पहिलं. त्या कागदावर कोणी एकटा डॉक्टर नळी काढत नाही. आधी इस्पितळातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ, आणि दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. यात इंजेक्शन देऊन कोणाला मारत नाहीत. हे यजमानांना दोनदा सांगा.

कागद नसतो तेव्हा काय होतं ते आम्ही वॉर्डात ‘लामा’ म्हणायचो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. पैसे संपले किंवा जीव थकला की नातेवाईक सही करून, हाताने श्वासाचा फुगा दाबत, गाडीत घालून माणूस नेतात. औषध काहीच लिहून दिलेलं नसतं. वाटेत धाप लागते. माझे स्वतःचे वडील एका इस्पितळातून आम्ही असेच आणले, आणि मी नर्स होते. खांडेपारच्या पुलावर माझ्या हातातला फुगा थांबला. तेव्हा विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

एक माणूस विसरू नका. तुमच्या यजमानांचा भाऊ किंवा बहीण मुंबईत, आखातात, लंडनला असेल तर तो शेवटच्या दोन दिवसांत विमानातून उतरतो आणि आयसीयूच्या दारात ‘सगळं करा, पैशाचा विचार करू नका’ म्हणतो. वर्षभर न आल्याचं त्याला तिथे फेडायचं असतं. अमेरिकन डॉक्टरांमध्ये यालाच ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणतात, म्हणजे रोग जगभर आहे. चवथीला सगळे घरी येतील तेव्हा, आरत्या झाल्या की, मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगावं. तुम्ही सांगितलंत तर सुनेने सांगितलं असं होईल.

पत्रात एक गोष्ट मला दिसली नाही ती म्हणजे तुम्ही. सासऱ्यांना पलंगावरून उठवतं कोण? आंघोळीचं पाणी कोण उचलतं? पंचावन्नाव्या वर्षी बायकांची हाडं झपाट्याने विरळ होत असतात, आणि तुमच्या घरात ताकदीची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला आहे. त्या खुर्चीवर दिवसातून दोनदा दहा उठबस तुमच्याही. यजमानांना मोजायला बसवा.

डब्यामागची पुस्तकं आता बाहेर काढा, तांदळाला कीड लागते ती कागदालाही लागते. आणि सासऱ्यांनी कागद केलाच तर तो औषधांच्या फाइलीत, सगळ्यात वर, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर ठेवा, म्हणजे १०८ आली की फाइल उचलली की झालं. यजमान जुन्या सवयीने तो लॉकरमध्ये ठेवायला बघतील. त्यांना म्हणा, रात्री दोन वाजता तुमची बँक उघडत नाही.